आतून उघडणारं ग्रिल

सोमवार, ३ तारीख

ही वही तशी जुनी. पहिली अठरा पानं छापखान्यातली आहेत (तिथे सात महिने टिकलो), मधली बोटी रंगवायच्या कामातली, आणि त्यापुढच्या एका पानावर फक्त ‘उद्यापासून रोज लिहिणार’ एवढंच. तो उद्या आज उजाडला म्हणायचा, कारण नवीन काम लागलं.

काम आग विझवायच्या लाल सिलिंडरचं. दुकानांत, जिन्यांत भिंतीला टांगलेले असतात आणि ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, ते. दरवर्षी उतरवायचे, दाब बघायचा, पावडर बदलायची, तारखेची चिठ्ठी लावायची. मालक तीस वर्षं आगीच्या बंबावर होते, म्हणून सगळे त्यांना बंबवालेच म्हणतात. बोलतात कमी, आणि बोलले की समोरच्याला खाली बघावं लागतं. मी विचारलं, ज्योत वरच का जाते, खाली का नाही? म्हणाले, आधी झाडू मार. झाडू मारून झाल्यावर मात्र अर्धा तास समजावत बसले. गरम हवा हलकी, ती वर पळते, तिच्या जागी खालून थंड हवा घुसते. म्हणजे ज्योत ही वस्तू नाहीच, वाहतूक आहे. हे मला फार आवडलं. घरी येईपर्यंत दिसेल ती चिमणी, धुराडी बघत आलो आणि एकदा गटारात पाय घातला.

नव्या माणसाला ते पहिला अभ्यास देतात. आपण राहतो त्या घराचा नकाशा काढायचा आणि प्रत्येक खोलीतून बाहेर पडायच्या दोन वाटा दाखवायच्या. एक बंद झाली तर दुसरी.

स्वतःचं घर मला नाही. ताईचं काढतो.

बुधवार, ५

नकाशा काढायचा म्हणजे आधी मोजायला हवं. टेप नाही, म्हणून पावलांनी.

घर आगगाडीच्या डब्यांसारखं एका ओळीत. पुढे बैठकीची खोली, तिथे खिडकीखाली मी झोपतो. तिला लागून ताई-भाऊजींची. मग स्वयंपाकघर. आणि स्वयंपाकघरातून पलीकडे गेलं की मावशींची खोली. मावशी म्हणजे भाऊजींची आई. गुडघे आणि बोटं संधिवाताने धरलेली, वॉकर घेऊन चालतात, डोकं मात्र आम्हा तिघांपेक्षा जोरात चालतं. त्यांच्या पलंगापासून पुढच्या दारापर्यंत माझी एकवीस पावलं, त्यांची सत्तावन्न. हौसेने स्वतः मोजून दाखवली. दारापाशी पोचल्यावर मात्र लगेच वळल्या नाहीत, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. दमलात का विचारलं तर म्हणाल्या, “दमतेय कसली. बघतेय.” समोर नुसता रस्ता होता.

दुकानात बंबवाल्यांनी काचेच्या पेटीत सुतळी धुमसवून दाखवली. धूर आधी छताला चिकटतो, मग गादी उलगडावी तसा खाली येतो. जमिनीलगत वीत-दोन वीत हवा बराच वेळ बरी राहते. म्हणून रांगायचं. माणसाला आगीआधी धूरच गाठतो, म्हणाले. संध्याकाळी मी अख्खं घर रांगून पाहिलं. फ्रिजखाली ताईचं दोन वर्षांपूर्वी हरवलेलं कानातलं सापडलं. मग फ्रिजचा एक पाय आखूड आहे हे लक्षात आलं, तो सारखा करत बसलो. नकाशा राहिला.

शुक्रवार, ७

नकाशा पुरा झाला. दुसऱ्या वाटा मात्र एकाही खोलीला सापडल्या नाहीत. पुढचं दार सोडलं तर सगळीकडे ग्रिल.

त्यात नवल नाही, कारण भाऊजींचा धंदाच तो. कोपऱ्यावर त्यांची शेड आहे, खिडक्यांची ग्रिलं, फाटकं, जिन्याचे कठडे. तीन वर्षांपूर्वी गल्लीत चोरी झाली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी स्वतःचं घर बंदिस्त केलं. मावशींच्या खोलीला तर मागच्या बोळात उघडणारं चांगलं दार होतं. लाकडी दार अजून आहे, पण ते उघडलं की समोर चौकटभर ग्रिल. वारा येतो, माणूस जात नाही. ते बघून लोकांनी भाऊजींना बोलावलं आणि आसपासच्या सत्तरेक घरांना त्यांनी ग्रिलं बसवली. प्रत्येक घराची नक्षी वेगळी. चष्मेवाल्याकडे वेली, पलीकडे मासे. परत येताना मासे मोजत बसलो, एका खिडकीत अकरा.

ताई सातला दवाखान्यात जाते, ती तिथे नाव नोंदवायच्या खिडकीत बसते. भाऊजी आठला शेडवर. मी साडेदहाला, सगळ्यात शेवटी (काम नव्हतं तेव्हाही, काम शोधायला). बाहेरून कुलूप लावायचं, किल्ली शेडवर भाऊजींच्या हातात द्यायची आणि पुढे जायचं. चार महिने फुकटचं राहतोय तर घराच्या सुरक्षेचं एवढं एक काम माझ्याकडे आहे, आणि ते मी एकदाही विसरलेलो नाही.

बंबवाल्यांनी नकाशा पाहिला. स्वयंपाकघरावर बोट ठेवून विचारलं, गॅस इथे? हो म्हटलं. मग मागच्या खोलीवर बोट. म्हातारी इथे? हो. त्यांनी कागद उलटा करून परत दिला. रेघा थोड्या वाकड्या आल्या आहेत खऱ्या. पुन्हा काढतो.

रविवार, ९

पहिला सराव. नियम काल जेवताना सांगितले होते: आवाज झाला की सगळं टाकून निघायचं आणि रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबापाशी जमायचं. तिघांनीही माना डोलावल्या होत्या. सकाळी नऊला पातेल्यावर पळी बडवली.

ताईने गॅस बंद केला. इथवर ठीक. मग दूध झाकलं. मग कपाटातून कागदांची फाइल काढली, फाइलमध्ये काहीतरी कमी वाटलं म्हणून तिथेच उभं राहून चाळू लागली. भाऊजी बनियनवर होते, ते शर्ट शोधत होते. शर्ट मिळाल्यावर त्यांनी एकेक करून सगळ्या खिडक्यांच्या कड्या लावल्या. म्हटलं, हे कशाला? तर म्हणाले, घर उघडं टाकून कसं जायचं, कुणी शिरलं तर? ताई म्हणाली, “जळत्या घरात शिरणाऱ्या चोराला मी स्वतः चहा देईन.”

मावशी पलंगावर वॉकर धरून तयार बसल्या होत्या. हलल्या नाहीत. का, तर म्हणे, सगळे निघाले की मी. मी मध्ये आले तर वॉकरने तुमची वाट अडते.

एकूण सहा मिनिटं चाळीस सेकंद. मी पळी आणि घड्याळ घेऊन बैठकीतच उभा होतो, खांबापाशी गेलोच नाही, हे दुपारी लक्षात आलं.

सोमवार, १०

बंबवाल्यांचा निकाल: तिघं गेले, आणि घड्याळ बघत उभा राहिलेला चौथा. मग म्हणाले, वेळ सोड, वाट बघ. आग स्वयंपाकघरात लागली तर म्हातारी कुठून येणार? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नकाशाच्या रेघांचं काही नव्हतं.

घरी येऊन जेवताना भाऊजींना सांगितलं की मागचं ग्रिल उघडणारं करायला हवं. ते जेवत राहिले. मी पुन्हा सांगितलं, जरा जोरात. तेव्हा म्हणाले, उघडणारं ग्रिल म्हणजे ग्रिलच नव्हे. बारा मिलिमीटरचा गज आहे, मी लावलेलं तुटत नाही. मी म्हटलं, तेच तर. ताईने मला टेबलाखालून पाय मारला. भाऊजी म्हणाले, सत्तर घरांना मी हेच सांगून आलोय. आणि ताट अर्धं टाकून उठले. मावशी म्हणाल्या, माझ्यावरून भांडू नका, मी कुठे जाणारेय?

मी त्यांना आवडत नाही हे आता पक्कं.

गुरुवार, १३

दुकानाची साप्ताहिक सुट्टी. घरी मी आणि मावशी दोघंच. विचार केला, आग पुढच्या बाजूला नाही असं धरू, मावशी एकट्या पुढच्या दाराने किती वेळात बाहेर येतात ते तरी मोजू. त्यांना समजावलं, मी खांबापाशी उभा राहतो, तिथून हाक मारली की निघा. त्या खूश. साडी नीट केली, केस विंचरले.

मी बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, हाक मारली, मोजू लागलो. शंभर झाले. दीडशे झाले. खांबावर विजेच्या तारेला एक पतंगाचा सांगाडा अडकला होता, तो बघत दोनशे झाले. सत्तावन्न पावलांना एवढा वेळ लागायला नको. तीनशेला वाटलं, पडल्या की काय. धावत गेलो आणि दाराला हात घातला.

दाराला कुलूप होतं. मीच लावलेलं. बाहेर पडलो की लावतो तसं, हातांनी आपोआप लावलेलं. किल्ली खिशात होती.

उघडलं तर मावशी दाराच्या आतच वॉकर धरून उभ्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, “मला वाटलं, ह्यातही कुलूप धरायचंय. रोज असतं तसं.”

रोज साडेदहाला मी लावतो. मीच. चार महिने.

आज आणखी काही लिहीत नाही.

शुक्रवार, १४

शेडवर गेलो आणि भाऊजींना सगळं सांगितलं. ते फाटक जोडत होते, तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा. मी म्हटलं, मी रोज त्यांना कोंडून जातो. ते म्हणाले, तू नाहीस, तुला मी सांगितलंय लावायला. आई दारापर्यंत येईस्तोवर बेल वाजवणारा कोण असेल काय माहीत, घाईत पडली तर, म्हणून. वेल्डिंग बंद झालं, ठिणग्या थांबल्या, तरी मुखवटा काही वर केला नाही. दहा मिनिटं तरी तसेच फाटकासमोर बसून होते. मी गेलो कधी हेही त्यांना कळलं नसावं. मनावर घेतलं की नाही कोण जाणे.

आज किल्ली मी शेडवर दिली नाही, कारण कुलूप लावलंच नाही. दार नुसतं ओढून घेतलं. मावशींना म्हटलं, आतून कडी लावू नका. त्या म्हणाल्या, चोर आला तर? म्हटलं, त्याला तुमच्याशी गप्पा माराव्या लागतील, तो आपणहून जाईल.

रविवार, १६

सकाळी भाऊजींनी विचारलं, तुझी ती पळी कुठाय. मग मावशींना बैठकीत आणून बसवलं, स्वतः मागच्या खोलीत जाऊन पलंगावर आडवे झाले आणि टॉवेलने डोळे बांधून घेतले. धूर असला की दिसत नाही ना, म्हणाले. स्वयंपाकघर जळतंय असं धर आणि बडव.

मी बोळात जाऊन ग्रिलपलीकडे उभा राहिलो आणि बडवायला लागलो. बोळाच्या पलीकडे शिवणवाल्या काकूंचं घर, त्याही मशीन थांबवून दारात आल्या. भाऊजी पलंगावरून उतरले, रांगत आले, लाकडी दार चाचपून उघडलं, आणि हाताला ग्रिल लागलं. मग एकेक गज धरून पाहू लागले. खालून वर, वरून खाली. हलवून पाहिला. खांदा लावला. मी म्हटलं, भाऊजी, तीन मिनिटं झाली, संपलं. ते म्हणाले, थांब. पुन्हा पहिल्या गजापासून सुरुवात केली. स्वतःचंच काम असं का तपासत होते कळेना, एकाही जोडात कसर नव्हती.

शेवटी शिवणवाल्या काकूच म्हणाल्या, “पुरे हो आता. दिसलं ना.”

ते डोळ्यांवरचा टॉवेल न काढता खाली बसले. चहा केला होता, तो घेतला नाही.

बुधवार, १९

ग्रिल कापलं. कटरचा आवाज अजून कानात आहे. मधला भाग फाटकासारखा बिजागऱ्यांवर बसवला, बाहेरच्या बाजूला एक रुंद लोखंडी पायरी. बाहेरून हात घालून उघडता येऊ नये म्हणून कडीवर पत्र्याची पेटी. मला सगळ्यात मजा आली ती कडीची.

भाऊजींनी पहिली कडी लावली आणि म्हणाले, आई, उघड. मावशींनी बोट घातलं, दाबलं, नाही उघडली. भाऊजींनी तेल सोडलं. नाही. “अरे, तुझ्या बोटांनी कडी केलीस, माझ्या बोटांनी कशी उघडेल?” मग भाऊजी त्यांच्यासमोर पाटावर बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन बघू लागले. कुठलं बोट वळतं, कुठलं वळत नाही, किती वजन उचलतं. तीन वर्षांत एवढा वेळ ते त्या खोलीत बसलेले मी पाहिले नव्हते, म्हणजे मी चारच महिने पाहतोय, पण तरी.

दुसरी कडी बोटाला चावते म्हणाल्या. तिसरी वरच्या दिशेने उचलायची होती, हात तेवढा वर जात नाही. चौथी चांगली होती पण निसटायची. पाचवीला मोठं कडं आहे, अख्खं मनगट घालून खाली लोंबकळलं तरी उघडते. बोटं लागतच नाहीत. मावशींनी अकरा वेळा उघडून बंद केली. आधीच्या चार आणि पाचवीसारखीच आणखी एक, अशा पाच कड्या भाऊजींनी एका फळीवर ओळीने ठोकून ठेवल्या. टाकून का नाही दिल्या, कोण जाणे.

पुढच्या दारालाही आता आतून नुसतं वळवलं की उघडणारं कुलूप आहे, किल्ली फक्त बाहेरून लागते. सगळं आवरल्यावर भाऊजींनी बैठकीच्या खिडकीकडे बघत मला विचारलं, तुझी उशी कुठल्या बाजूला असते? डावीकडे म्हटलं. त्यांनी डावीकडे खूण केली, तिथलंही उघडणारं करणार. मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला, मी काय, महिनाभराचा. ते म्हणाले, चार झाले ना? हा टोमणा होता का, ते कळलं नाही.

शनिवार, २२

मावशींची शिस्त मानायला हवी. मी सांगितलं होतं आठवड्यातून एकदा सराव करा, त्या रोज करतात. मी दुकानात निघालो की लगेच, आणि म्हणे जेवणानंतर पुन्हा एकदा. पहिल्या दिवशी बोळात पोचायला चार मिनिटं लागली होती, काल दीड मिनिट. बंबवाल्यांना सांगितलं, ते पहिल्यांदाच हसले.

एकच गोष्ट समजत नाही. जायला दीड मिनिट लागतं, तर परत यायला दोन-दोन तास का लागतात? वाट तीच, पायरी तीच. चढण असेल म्हणून पायरीची उंची मोजली, चार इंच आहे. शिवणवाल्या काकूंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, अगं बाई, हो का, मला नाही कल्पना. त्यांनी ओसरीवर मावशींसाठी गादीची खुर्ची टाकून ठेवली आहे, अगदी वेळेवर. नशीब बघा.

सोमवार, २४

आज भाऊजी दुपारी अचानक घरी आले. सराव खरंच होतो का बघू म्हणून त्यांनी पुढच्या दारात उभं राहून पातेलं बडवलं. आत काही हालचाल नाही. पुन्हा बडवलं. मग पातेलं तिथेच टाकून आत धावले. हे त्यांनी नाही, शिवणवाल्या काकूंनी मला सांगितलं. पलंग रिकामा, वॉकर नाही, मागचं ग्रिल सताड उघडं. बोळात आले तर समोर ओसरीवर मावशी मांडीवर बटणांचा डबा घेऊन बसलेल्या, रंग वेगळे करत, आणि गल्लीतल्या दोन बायका पोट धरून हसतायत. विषय बहुतेक मीच होतो.

भाऊजी धापा टाकत उभे राहिले. मावशींनी वर पाहिलं. “बाहेरच आहे रे. आग लागली तरी सापडेन.”

ते ओसरीच्या कडेला बसले. म्हणाले, आई, तुला इथे यायचं होतं तर तीन वर्षांत एकदा बोलली असतीस. त्या म्हणाल्या, तू माझ्यासाठी केलं होतंस, ते नको कसं म्हणू? आणि पांढरं बटण काळ्यांत पडलं होतं ते उचलून दिलं.

संध्याकाळी भाऊजींनी जुन्या कामांची वही काढली. सत्तर नव्हे, चौऱ्याहत्तर घरं. पहिलं नाव चष्मेवाल्याचं. ताई म्हणाली, लोक विचारतील, आधी तर छातीठोक सांगत होता. भाऊजी म्हणाले, सांगेन, चुकीचं सांगत होतो.

मला म्हणाले, गुरुवारी सुट्टी असते ना तुला?

गुरुवार, २७

टेम्पोत कटर, बिजागऱ्या, शिडी. पुढे भाऊजींच्या शेजारी मावशी, मांडीवर पाच कड्यांची फळी. त्यांना का न्यायचं, मी विचारलं. भाऊजी म्हणाले, तिच्याशिवाय माप कोण घेणार?

सकाळी आधी चष्मेवाल्याला त्याच्या दुकानात भेटलो. तो हसला. म्हणाला, तुम्हीच गज दाखवून म्हणाला होतात की हत्ती आला तरी वाकणार नाही, आता तुम्हीच कापायला निघालात? आणि घरी कुणी नसतं, माझी आई तेवढी असते. ती काय, पडून असते. भाऊजींनी विचारलं, दाराला कुलूप असतं का? तो म्हणाला, असतंच की, तुम्हीच सांगितलं होतं. भाऊजी एवढंच म्हणाले, नुसतं बघून येतो, कापणार नाही.

घर दोन गल्ल्या सोडून. दाराला भलंमोठं कुलूप. भाऊजींनी दारावर टकटक केली. आतून एका बाईचा आवाज आला, थकलेला, पण पाठ असल्यासारखा.

“घरात कुणी नाहीये. संध्याकाळी या.”

भाऊजींचा हात दारावरच राहिला. मग ते मागे फिरले आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला जाऊन उगाच शिडीची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागले. दोरी चांगली घट्ट होती. मी मदतीला जाणार होतो, पण मावशींनी मला थांबवलं, माझा हात धरून टेम्पोतून उतरल्या आणि वॉकर टाकत वेलींच्या ग्रिलपाशी गेल्या. पडदा लावलेला होता.

“बरं, कुणी नाही तर नाही,” त्या पडद्याला म्हणाल्या. “पण तुम्ही आहात ना?”

मग आतून पलंग करकरला. घसटत येणारी पावलं. पडदा थोडा सरकला. मावशींनी कड्यांची फळी गजांना टेकवून धरली, पाचही कड्या आतल्या बाजूला वळवून.

“तुमची बोटं दाखवा बघू,” त्या म्हणाल्या.

लोखंडी वेलींच्या मधून आधी दोन बोटं बाहेर आली, वाकडी. मग उरलेली.